पेनस्टॉकमधलं पेन

माझ्या सासऱ्यांनी अकरा वर्षं पेनं सांभाळली, असं मी जाड कागदावर सोनेरी अक्षरांत छापून, फ्रेम करून, भरल्या हॉलमध्ये वाचून दाखवलेलं आहे. सासऱ्यांनी आयुष्यात कधी पेनं सांभाळली नाहीत. त्यांच्या खिशात असायचा तो पाना.

मी चौकच्या एका शाळेत इंग्रजी शिकवतो आणि लोधिवलीत राहतो. आमच्या नात्यागोत्यात इंग्रजी म्हणजे मी. विम्याचा कागद असो की नव्या मिक्सरबरोबर आलेलं पुस्तक, सगळं माझ्यापुढं येतं आणि मी ते न्यायाधीशासारखा चेहरा करून वाचतो. (एखादा शब्द अडला तर चष्मा पुसतो. माझा चष्मा कायम स्वच्छ असतो.)

सासरे, म्हणजे आबा, भिवपुरीच्या पावर हाऊसमधून रिटायर झाले. डोंगरावरच्या तळ्याचं पाणी खाली आणून वीज करतात, तिथं चौतीस वर्षं नोकरी. त्यांच्या सर्व्हिस बुकात कामाच्या रकान्यात एकच शब्द होता : हेल्पर. पंचाहत्तरी आली तेव्हा गावातल्या मंडळानं विहाराच्या हॉलमध्ये सत्कार ठरवला. आबांचे जुने मोठे साहेब त्यासाठी मुद्दाम येणार होते. साहेब दक्षिणेकडचे, मराठी वाचता येत नव्हतं, म्हणून मानपत्र इंग्रजीत हवं होतं. आबांनी मला फोन केला.

"मास्तर, हेल्पर म्हंजे काय त्ये कोनाला कळत नाय. मी काय काम केलं त्ये साहेबांना येकदा कागदावर वाचाया मिळू द्या. बाकी मला हार नको नि शाल नको."

मग त्यांनी कामं सांगितली आणि मी मराठीत टिपून घेतली. अकरा वर्षं पेनस्टॉक सांभाळला. चार वर्षं टेलरेसला होतो. पुरात एकट्यानं स्लूस खोलले. वेअर कायम साफ ठेवला. मी प्रत्येक वाक्याला 'वा' म्हणत होतो. एकही शब्द मला कळला नव्हता.

माझी बायको वैशाली म्हणाली, छापायच्या आधी आबांना एकदा वाचून दाखवा. त्यावर मी जे बोललो ते इथं लिहायलाही लाज वाटते. मी म्हणालो, "इंग्रजी शब्दाचा अर्थ आता मी हेल्परला विचारू?" वैशालीनं चहा आणून ठेवला तो जरा आपटूनच.

मी कोडं सोडवायला बसलो. माझं म्हणणं असं, की आबांचे उच्चार गावठी, तेव्हा मूळ शब्द ओळखणं हे जाणकाराचं काम! पेनस्टॉक सोपा होता : पेनांचा स्टॉक. आबा स्टोअरमध्ये असणार. टेलरेस म्हणजे उघडच टेलर. एवढ्या कामगारांचे गणवेश कुणीतरी शिवत असणारच. वेअर म्हणजे अंगात घालायचं ते, म्हणजे आबा कपडे स्वच्छ ठेवत. स्लूस मात्र अडला. चष्मा दोनदा पुसला तेव्हा डोक्यात प्रकाश पडला : स्लाइस! पुरात माणूस एकट्यानं काय खोलेल? ब्रेडचा पुडा. पुरात अडकलेल्या भुकेल्या माणसांना आबांनी ब्रेडचे स्लाइस वाटले. हे लिहिताना माझे डोळे खरोखर भरून आले.

मंडळाच्या अध्यक्षांना मी मानपत्राचा भावार्थ फोनवर सांगितला. ते इतके भारावले, की ठरलेली भेटवस्तू बदलून त्यांनी कर्जतहून मखमली डबीतला बारा पेनांचा संच आणवला.

कार्यक्रमाला हॉल भरला होता. साहेब आले, ऐंशीच्या पुढचे, हातात काठी. मी मानपत्र इंग्रजीत वाचलं. साहेब मधेच कानामागे हात धरून पुढं वाकले. मला वाटलं, माझ्या उच्चारांवर खूश झाले. मग सगळ्यांना समजावं म्हणून मी एकेक वाक्य मराठीत करून सांगू लागलो. पेनांच्या स्टॉकपाशी हॉलमध्ये चुळबुळ झाली. 'चार वर्षे शिवणकाम' म्हटल्याबरोबर पहिल्या रांगेतून सासूबाईंचा आवाज आला.

"अवो, चार वर्षं शिवणकाम केलंत, नि माझं येक ब्लाउज नाय शिवलं?"

हॉल कोसळला. मंडळाची पोरं भिंतीला धरून हसत होती. मी आबांकडे पाहिलं. आबा हसत नव्हते. हातातल्या टोपीकडे बघत बसले होते. एका कागदापुरती त्या माणसाची मागणी होती, आणि तो कागद मी असा केला होता. धरणी पोटात घेईल तर बरं, असं म्हणतात ते काय, ते मला त्या दिवशी समजलं.

साहेबांनी मानपत्र मागून घेतलं, पुन्हा वाचलं आणि पेनांच्या ओळीवर बोट ठेवलं. मग त्यांनी मान वर केली.

"बहुत साल पहले एक हेल्परने मुझे पूछा था, साब, पेनस्टॉक में पेन किधर है? वो तुम था क्या?"

आबा उठून उभे राहिले. "हां साब. मीच."

साहेब माइकसमोर आले. त्यांच्या हाताखालून कितीतरी इंजिनीअर गेले, हा प्रश्न त्यांतल्या एकानंही विचारला नव्हता. त्यांना स्वतःलाही उत्तर येत नव्हतं. त्यासाठी त्यांनी जाडजूड डिक्शनरी विकत घेतली आणि दुसऱ्या आठवड्यात या हेल्परला बोलावून अर्थ सांगितला. त्यानंतर हा दर महिन्याला नवा शब्द घेऊन केबिनच्या दाराशी उभा राहायचा. हिंदीत एवढं सांगून साहेबांनी माइक आबांच्या हातात दिला आणि म्हणाले, बोलो.

आणि आबा बोलले. पेनस्टॉक म्हणजे तळ्याचं पाणी डोंगरावरून खाली आणणारा, माणूस आत उभा राहील एवढा पाइप. त्यातलं पेन लिहायचं नव्हे. लिहायचं पेन पिसावरून आलं, लॅटिनमधून. हे पेन म्हणजे कोंडवाडा. गुरं कोंडा नाहीतर पाणी कोंडा. स्टॉक म्हणजे झाडाचं खोड, कारण पूर्वी खोड कोरून त्यातून पाणी न्यायचे. स्लूस म्हणजे पाण्याचा दरवाजा; तो शब्द 'बाहेर ठेवणं' या अर्थाच्या लॅटिन शब्दातून निघाला. ब्रेडचा स्लाइस म्हणजे मुळात लाकडाची ढलपी, त्याचं याचं काही नातं नाही. वेअर म्हणजे ओढ्यातला बुटका बांध. नि टेलरेस म्हणजे वीज करून सुटलेल्या पाण्याची वाट : टेल म्हणजे शेपूट, रेस म्हणजे धावतं पाणी.

"पोरं पळत्यात ती रेस नि पानी पळतं ती रेस, शबुद येकच हाय," आबा म्हणाले. "टेलर येगळा. त्यो कापतो."

मी थक्क झालो. एम.ए. झालेला मी तोंड उघडं टाकून ऐकत होतो. बावीस वर्षं मी शब्द पाठ करून घेतले, पण कुठल्याही शब्दाला त्याच्या घरी जाऊन भेटलो नव्हतो. आबांनी त्या प्रत्येक शब्दाचं ऑइल-ग्रीस केलं होतं. पुरात जो दरवाजा एकट्यानं उघडला, त्याचा शब्द आला कुठून हेही त्यांना जाणून घ्यायचं होतं! मला खाली बसावंसं वाटलं, आणि मी बसलो, थेट सतरंजीवर, पुढं बसलेल्या शाळकरी पोरांमध्ये.

नंतर साहेबांनी मानपत्र फ्रेममधून काढून त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूला आबांची चौतीस वर्षांची खरी कामं इंग्रजीत लिहून सही केली. आता कागद उलटा करून ती फ्रेम आबांच्या घरी भिंतीला लावलेली आहे. माझं साहित्य भिंतीकडे तोंड करून असतं.

त्या दिवशी आबांच्या घरून निघताना मी त्यांची माफी मागितली. हेल्परबद्दल बोललो होतो तेही सांगून टाकलं. आबांनी ते ऐकून घेतलं, आत गेले आणि मखमली डबी घेऊन आले. ती माझ्या हातात ठेवून म्हणाले, "घ्या मास्तर. पेनस्टॉक आता तुमी सांभाळा."

तेव्हापासून सांभाळतोय. बारापैकी नऊ शिल्लक आहेत. हे काम मला जमण्यासारखं आहे. कधी अडलंच, तर विचारायला आपले हेल्पर आहेतच.