आईचा आवाज असलेली डिस्क

दादानं दिलेली डिस्क मी भोरला घरी येऊन लॅपटॉपमध्ये घातली, तर ती रिकामी निघाली. पुसून पुन्हा घातली. शेजाऱ्यांच्या जुन्या प्लेअरवर लावून पाहिली. तिथंही काहीच नाही.

डिस्कवर माझ्या हळदीचं चित्रीकरण होतं. आई जाऊन बरीच वर्षं झाली. ती हलताना-बोलताना दिसते अशी आमच्याकडं तेवढी एकच गोष्ट. दादा पूर्वी लग्नांचं शूटिंग करायचा, त्यामुळं मूळ कॅसेट उत्रोलीला त्याच्याच घरी राहिली. तिच्यावरून त्यानं फार पूर्वी ही डिस्क केली होती.

मी फोन केला. "दादा, डिस्क कोरी आहे."

"कोरी कशी आसंल? हितं तर चालतीया."

मागून वहिनींचा आवाज आला, "त्यांच्याच मशीनला काय तरी झालं आसंल."

त्या इतक्या चटकन बोलल्या, की माझ्या मनात पाल चुकचुकली. हळदीच्या दिवशी आईनं गाण्यात वहिनींची थट्टा केली होती. तेव्हा त्या नवीनच घरात आलेल्या. सगळा मांडव हसला आणि त्या उठून आत गेल्या, ते मी पाहिलं होतं. मागेही मी दोनदा कॅसेट मागितली, तेव्हा एकदा ती माळ्यावर होती आणि एकदा सापडत नव्हती. वहिनींना ते गाणं कुणी ऐकायलाच नको असेल, असं मला वाटू लागलं. मग ते डोक्यातून जाईना.

रविवारी डिस्क घेऊन उत्रोलीला गेले. दादानं ती त्याच्या जुन्या रेकॉर्डरमध्ये सरकवली आणि पडद्यावर मी आले, पिवळीधमक, पाटावर बसलेली.

"इथं चालते, मग माझ्याकडं का नाही?" मी विचारलं.

"रेकॉर्डिंग झाल्यावर डिस्क बंद करावी लागती, फायनलाइज म्हंत्यात त्याला, तरच दुसऱ्या मशीनला ती वाचता येती. ते ऱ्हायलं माझ्याकडनं. आत्ता करून देतो."

पटण्यासारखं होतं. तरी मी म्हणाले, "आधी सगळी बघू."

बायका गोळा झाल्या. आई पुढं सरकली, पदर सावरला, तोंड उघडलं, आणि चित्र फाटलं. पडद्यावर नुसत्या पांढऱ्या रेघा.

"नेमकं इथंच?" माझा आवाज चढला.

"कॅसेटच झिजलीया तितं. एकाच जागी सारखी थांबवून ठेवली की टेप खराब होती. डिस्क करायच्या आधीच गेली व्हती ती."

"कुणी थांबवली?"

दादा रिमोटशी चाळा करत बसला. स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज थांबला होता. आता माझी खात्रीच झाली.

पण रेघांच्या मागून आवाज येत होता. घोगरा, थोडा थरथरता, पण आईचाच.

"सूनबाईच्या भाकरीला नऊ गं कोपरे..."

आई श्वास घ्यायला थांबली. तेवढ्यात दारातून कुणीतरी हळूच म्हणालं,

"सासरा बसला शोधीत, मोडू कुठनं बरे."

पाठोपाठ आईनंही तेच म्हटलं. मी वळून पाहिलं. वहिनी चहाचा ट्रे घेऊन उभ्या होत्या.

"वन्सं, म्याच थांबवायची," त्या म्हणाल्या. "आत्याबाई गेल्यावर हे शूटिंगला गेलं, की घरात मी एकटीच. मग लावायची. गाणं म्हणताना त्या माझ्याकडं बगून हसत्यात. कॅमेऱ्याकडं न्हाई, माझ्याकडं. तितंच थांबवून बसायची. टेप झिजती, हे मला कुठं ठाऊक?"

"मग कॅसेट मागितली तेव्हा..."

"तुमी बोलाल, म्हणून लपवली."

त्यांच्या हातातला ट्रे मी घेतला.

दादानं डिस्क बंद करायला लावली. मशीन घरघरत राहिलं. मधेच वीज गेली तर डिस्क वाया जाईल, म्हणून आम्ही तिघंही टक लावून बसलो. चहा गार झाला.

घरी आल्यावर ती लॅपटॉपवर चालली. मी लगेच तिची प्रत मोबाईलमध्ये घेतली, दुसरी लेकीकडं पाठवली. आईच्या जागी सगळीकडं त्याच पांढऱ्या रेघा आहेत. आईचं ते हसू आता फक्त वहिनींच्या आठवणीत आहे, आणि अजूनही कधी कधी मला त्याचा हेवा वाटतो.