साउंड मामा

मंगळवारी सकाळी मामा गेले. दुपारी पंचगंगेवर सगळं आटोपलं. संध्याकाळी मी माझ्या घरी आले.

मामांना इंग्रजीतला एकच शब्द मनापासून आवडायचा, साउंड. तो त्यांनी कुठून उचलला ठाऊक नाही, पण एकदा हाती लागल्यावर सोडला नाही. पैसेवाले लोक म्हणजे ‘साउंड पार्टी’. दिलेला शब्द पाळणारा माणूस साउंड, मग त्याच्या खिशात बसभाडं नसलं तरी. दुपारची झोप साउंड, गूळ साउंड, डॉक्टरांनी बदलून दिलेली गोळीही साउंड. गणपतीत गल्लीत मोठे स्पीकर लागले की तोही साउंडच, फक्त त्याला ते शिव्या घालायचे. मी ग्रंथालयात नोकरी करणारी. मला हे सहन होत नसे.

“मामा, एका शब्दावर किती ओझं टाकाल?”

“शब्द साउंड हाय गं. पेलतोय की.”

कुणाच्या घरी गेलं की ते बोटाच्या पेरानं भिंत वाजवून बघायचे. घरमालक समोर असला तरी. “पावणं, गिलावा सुटलाय तुमचा,” असं चहा येण्याआधीच सांगून मोकळे. शेजारी बसलेल्या मला कुठं तोंड लपवावं कळत नसे. मामी तर त्यांच्याबरोबर कुठं जायचंच टाळायच्या.

वडील लवकर गेल्यामुळे माझं लग्न जमवणं मामांनी स्वतःच्या अंगावर घेतलं होतं. कुरुंदवाडचं एक स्थळ आलं. शेती, दुकान, पक्कं घर. मुलगा वाचणारा होता. आम्ही दोघं फोनवर बोललो होतो आणि मी मनातून होकार देऊन बसले होते. मामांना तसं सांगितलंही. ते म्हणाले, “पार्टी साउंड दिसतीया. पर घर बघून येतो.”

ते ओळख न देता गेले. म्हैस विकत घ्यायला आलोय, असं सांगून त्या लोकांच्या गोठ्यात तासन्‌तास बसले. संध्याकाळी गल्लीच्या तोंडाशी टेम्पो थांबला. मागं म्हैस आणि तिच्या शेजारी मामा उभे.

“हे काय हो?” मामी ओरडल्या.

“एवढा वेळ बसलो, दोनदा चहा घेतला. न घेता उठायचं कसं?”

“आणि स्थळ?” मी विचारलं.

“म्हैस साउंड हाय. घर न्हाय.” मग आवाज खाली आणून म्हणाले, “थोरली सून दिवसभर राबत हुती. पाणी, वैरण, चहा, सगळं तिच्याच हातनं. एकानं तिला नावानं हाक मारली न्हाय. नुसतं ए, ए. आनि तुझा तो वाचणारा पोरगा तिथंच बसलावता.”

मी काही बोलायच्या आत त्यांनी कुरुंदवाडला फोन लावला. “नमस्कार. पोरगी द्यायची न्हाय आमाला. ... मी कोण? मीच की तो मघाचा म्हशीवाला!”

मी आठवडाभर त्यांच्याशी बोलले नाही. मला विचारायला नको होतं का? मुलगा वेगळा निघाला असता. सगळ्यांनाच ‘ए’ म्हणायची त्यांच्या घरची पद्धत असेल. आठवड्यानं मी एवढं बोलून दाखवल्यावर मामा फक्त म्हणाले, “आसंल की. त्याचा फोन आला का?”

फोन आला नव्हता. नंतरही आला नाही. म्हैस बांधायला जागा नव्हती म्हणून ती मामांच्या हातकणंगल्याच्या एका मित्राकडे गेली. पुढं आलेल्या स्थळांना मीच नकार दिला आणि मामांनी त्यावर एक अक्षर काढलं नाही. तेव्हाही मला त्यांचा रागच आला. एरवी गल्लीभर ओरडणाऱ्या माणसानं एकदा तरी विचारायचं, की तुझं काय चाललंय म्हणून.

त्यांनी त्या दिवशी बरोबर केलं का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. भांडून ठरवायचं, तर आता ते नाहीत. माझी नोकरी आहे. माझ्या नावावर दोन खोल्यांचं घर आहे. शेजारीपाजारी मला नावानं ओळखतात.