ही म्हणते

माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. कुणाचं लग्न ठरत असेल तर सासरची माणसं मला सगळ्यात शेवटी सांगतात, साखरपुड्याची साडी घ्यायची वेळ आली की. मी त्याचा कधी राग धरला नाही. उलट चारचौघांत स्वतःच सांगून हसत आले. यंदा मात्र या स्वभावाची मला खरीखुरी लाज वाटली आणि अजून वाटते.

गोष्ट आमच्या फोनवरच्या ग्रुपची आहे. वऱ्हाडी जेवणाच्या इंटरनेटवरच्या एका पानावर कुणीतरी गॅसवर भाजलेल्या वांग्याच्या भरिताचा फोटो टाकला होता. त्याखाली मी लिहिलं की हे भरीत नव्हे, हा वांग्याचा अपमान आहे. भरिताचं वांगं तुराट्यांवर भाजायचं, तुरीच्या वाळलेल्या काड्यांच्या जाळावर. नेरच्या एका काकूंनी मला दुजोरा दिला, दारव्ह्याच्या एका गुरुजींनी मला शहाणपण शिकवलं, आणि भांडण इतकं रंगलं की पान चालवणाऱ्याने आम्हाला दुसरीकडे जाऊन भांडा म्हणून सांगितलं. आम्ही खरंच गेलो. तिथून हा ग्रुप निघाला.

नावं आम्ही वापरत नाही. असं काही ठरलं नव्हतं, पण पहिल्या दिवसापासून गावाचीच सवय लागली. मी यवतमाळ. काकू नेर. गुरुजी दारव्हा. पुण्यात नोकरी करणारी एक पोर आहे, ती मूळची कळंबची म्हणून कळंब. आणि वणीचे भाऊ. माणसं पुष्कळ आहेत, पण बोलणारे आम्ही एवढेच. बाकीचे वाचतात आणि अंगठा दाखवतात.

सकाळी जो आधी उठेल त्याने विचारायचं, आज काय भाजी? तिथून बोलणं कुठेही जायचं. मेथीवरून सुरू झालेली गोष्ट काकूंच्या शेतातल्या रानडुकरांवर, तिथून गुरुजींच्या गुडघ्यावर, तिथून क्रिकेटवर आणि तिथून नळाला पाणी कधी येणार यावर. कचेरीत जेवणाच्या सुटीत मी डबा एका हाताने खायची आणि दुसऱ्या हाताने काकूंशी भांडायची. नवरा म्हणायचा, तुझी माणसं बोलावतात बघ. त्याला ते बिनकामाचं वाटायचं, आणि होतंही तसंच. पण सगळीच कामाची बोलणी करायची म्हटली तर माणसाने जगावं कधी?

वणीचे भाऊ कोळशाच्या खाणीत वजनकाट्यावर होते, आता निवृत्त. त्यांचा प्रत्येक मेसेज दोन शब्दांनी सुरू व्हायचा, ही म्हणते. ही म्हणजे त्यांची बायको. वहिनी फोनला हात लावत नसत, पडद्याकडे पाहिलं की डोळे चुरचुरतात म्हणे. भाऊ ग्रुप मोठ्याने वाचून दाखवायचे, त्या तांदूळ निवडता निवडता मत द्यायच्या आणि भाऊ ते लिहायचे. ही म्हणते, अंबाडीच्या भाजीत कण्या नसल्या तर ती भाजी नाही, पाला आहे. ही म्हणते, एवढा पैसा घेऊन बी झेल सोडतात, आमच्या गल्लीतले पोट्टे बरे. ही म्हणते, गुरुजींच्या गुडघ्याले काही नाही झालं, कामाचा कंटाळा आहे. कपडे वाळत घातले की कोळशाची काळी धूळ बसते यावर वहिनींनी जे जे म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. एकदा मी भाऊंना विचारलं, तुम्हाला स्वतःचं काही मत आहे की नाही? त्यांनी लिहिलं, आहे ना. ही म्हणते तेच.

कधी ग्रुपवर न आलेली ती बाई आमच्यातली सगळ्यात लाडकी होती. पुण्यातली पोर तर पोळीच्या कणकेपासून घरमालकिणीच्या कटकटीपर्यंत सगळं वहिनींना विचारायची.

मागच्या वर्षी दिवाळीच्या आधी भाऊ काही दिवस गप्प झाले. मला गप्प माणूस सहन होत नाही. मी लिहिलं, वहिनींनी फोन जप्त केला का? की भाजीचा उपास धरलाय दोघांनी? सगळे हसले. त्या दिवशी संध्याकाळी भाऊंचं उत्तर आलं. नेटवर्क नव्हतं. ही म्हणते, आज डाळभाजी.

पुन्हा सगळं पहिल्यासारखं सुरू झालं. उन्हाळ्यात मी लिंबाच्या लोणच्याची कृती विचारली. भाऊ म्हणाले, ही झोपली आहे, उठली की सांगतो. दोन दिवसांनी सविस्तर कृती आली. असं आणखी एक-दोनदा झालं तेव्हा मी लिहिलं, वहिनी हल्ली फार झोपतात, चहा कडक द्या जरा. पुन्हा सगळे हसले. भाऊंनीही हसरा चेहरा टाकला होता.

या हिवाळ्यात नवऱ्याच्या नात्यात वणीला लग्न निघालं. मी ठरवलं, न सांगता वहिनींच्या दारात उभं राहायचं. लोणच्याची बरणी पिशवीत घेतली. भाऊंच्या बोलण्यातून घर इतकं ओळखीचं झालं होतं की पाण्याच्या टाकीजवळ दारात कढीपत्त्याचं झाड दिसलं आणि मी फाटकातूनच हाक मारली, वहिनी, यवतमाळ आलं आहे, लोणचं चाखा.

एक उंच, वाकलेला माणूस बाहेर आला. पदराला पुसावा तसा हात लुंगीला पुसत होता, कारण आत तो कणीक मळत होता. मी कोण ते कळल्यावर आधी त्याला आनंद झाला, तो मी पाहिला. मग त्याचं तोंड उतरलं. भाऊंनी मला बसवलं, माठातलं पाणी आणून दिलं आणि समोरच्या खुर्चीवर बसले. मी आत डोकावत विचारलं, वहिनी कुठे आहेत? झोपल्यात का?

"तिले जाऊन वर्ष होऊन गेलं ताई," भाऊ म्हणाले.

मला आधी कळलंच नाही. मग ते सावकाश सांगत गेले. दिवाळीच्या आधी, दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. पाहुणे आले, गेले. तेराव्या दिवशी तेरवी झाली. मुलगा नागपूरला परत गेला. घरात एकटे बसले असताना फोन उघडला तर माझा मेसेज होता, वहिनींनी फोन जप्त केला का? मग सवयीने बोट चाललं, ही म्हणते, आज डाळभाजी. आणि त्या दिवशी खरोखर त्यांनी डाळभाजी केली. आयुष्यात पहिल्यांदा.

पुढे तीच रीत पडली. आम्ही काही विचारलं की ती काय म्हणाली असती ते आठवायचं. बहुतेक आठवायचं, संसारच तेवढा झाला होता. जे आठवत नसे ते आधी करून पाहायचं, साळीला फोन करून विचारायचं, आणि मग सांगायचं. वहिनी झोपल्या आहेत ते यासाठी. मी त्या झोपेवरून केलेले विनोद एकेक करून मला आठवले आणि जमीन दुभंगून मला पोटात घेईल तर बरं, असं वाटलं.

मी माफी मागायला लागले तर त्यांनी हात वर करून थांबवलं. म्हणाले, तुम्ही हसत होता तेच बरं होतं. बरणी उघडून लोणचं बोटाने चाखलं आणि म्हणाले की मीठ कमी आहे. चूक माझी नव्हती, त्यांची होती. वहिनींनी मीठ कधी मोजून घातलं नाही, भाऊ नुसते बाजूला उभे राहून पाहत असत. मला अंदाजाने सांगितलं होतं.

निघताना ते फाटकापर्यंत आले.

"घरी येणारा जाणारा तिले गेलेलीच म्हणते. म्हणणारच, गेलीच आहे ती. पण तुमच्या तिथं ती अजून रोज सैपाक करून राह्यली. तेवढं राहू द्या. कोणाले सांगू नका, अन् मले इचारत राहा."

मी शप्पथ घेतली. मनापासून घेतली. आणि मारेगाव मागे पडायच्या आत बसमधून नेरच्या काकूंना फोन लावला.

का लावला, याचं उत्तर मी स्वतःकडे पुष्कळ वेळा मागितलं आहे. मला रडू येत होतं आणि शेजारच्या बाईसमोर रडायचं नव्हतं, हे एक. दुसरं असं की एवढी मोठी गोष्ट एकटीने पोटात ठेवायची मला सवयच नाही. काकूही रडल्या. त्यांनीही शप्पथ घेतली. आम्ही दोघींनी असं ठरवलं की आता भाऊंना जपायचं, उगाच टोचून बोलायचं नाही. हे ठरवताना आम्हाला फार बरं वाटलं, आपण चांगल्या आहोत असं वाटलं. काकूंनी गुरुजींना सांगितलं, कारण गुरुजी नको ते बोलतील ही भीती. गुरुजींनी पुण्यातल्या पोरीला सांगितलं, कारण ती सारखं वहिनींना काहीबाही विचारते.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊंचा मेसेज आला. ही म्हणते, आज भरीत. तुराट्या भेटल्या नाही, गॅसवरच भाजलं.

गॅसवर! आमचा ग्रुप ज्या भांडणातून जन्मला तेच भांडण त्यांनी आमच्या हातात आणून ठेवलं होतं. एरवी काकूंनी वणीकरांचा सात पिढ्यांपर्यंत उद्धार केला असता. मी वांग्याची बाजू घेऊन लिहिलं असतं, गुरुजींनी माझी चूक काढली असती आणि कचेरीला मला उशीर झाला असता. त्या दिवशी काकूंनी लिहिलं, छान. गुरुजींनी जोडलेले हात टाकले. पोरीने लिहिलं, काका, वेळेवर जेवत जा, तब्येतीला जपा.

मी फोन हातात धरून बसले होते. त्यांच्याकडे मेसेज पोचलाय, त्यांनी वाचलाय, हे दिसत होतं. मी काहीतरी वेडंवाकडं लिहायला हवं होतं, एवढं मला त्या क्षणीही कळत होतं. पण आता थट्टा करायला जीभ रेटेना, आणि मीही काही लिहिलं नाही.

भाऊ त्यानंतर बोलेनासे झाले. ग्रुप सोडला नाही, रोज वाचायचे, एवढंच. दोन दिवस मी वाट पाहिली, मग काकूंना फोनवर झापलं. काकू म्हणाल्या, मले कायले बोलते, सांगितलं कोणी? त्यांचं बरोबरच होतं. त्या बिचाऱ्यांनी तरी प्रयत्न केला, दुसऱ्या दिवशी उगाचच गॅसच्या भरितावरून भांडण काढलं. गुरुजीही त्यात पडले. ते भांडण नाटकातल्यासारखं झालं आणि दुपारपर्यंत आपोआप विझलं.

शेवटी मी भाऊंना फोन केला. आधी हवापाण्याच्या गोष्टी झाल्या. लग्नातल्या जेवणाची चौकशीही त्यांनी केली. मग मीच म्हणाले, भाऊ, माझं चुकलं.

"राग नाही आला," ते म्हणाले. "कायले येईन? सारे चांगलंच वागून राह्यले माह्याशी. पण ताई, तुमच्या तिथं बी तिची तेरवी झाली."

तिकडे कुकरची शिट्टी झाली आणि ते म्हणाले, ठेवतो, वरण लागून जाईल.

आपण माणसाला दुखावतो ते बहुतेक रागाने, असं मी समजत होते. माझ्या टोमण्यांनी त्यांना कधी काही झालं नव्हतं. उलट त्या टोमण्यांवर त्यांच्या घरात वर्षभर चूल पेटत होती. सगळं बिघडवलं ते मायेने, आणि ती मायाही मी शब्द मोडून मिळवलेली. लोकांच्या गुपितांचं मी पूर्वीही वाटोळं केलं आहे, पण त्यात कुणाचं माणूस गेलं नव्हतं.

तरी मी एकदा प्रयत्न करून पाहिला. बाजारात पिवळीधमक लिंबं आली होती. ती घेऊन आले, ओट्यावर ओतली, फोटो काढला आणि ग्रुपवर टाकून लिहिलं, भाऊ, मागच्या लोणच्यात वहिनींनी मीठ कमी सांगितलं होतं, सगळ्या घराने मला नावं ठेवली. त्यांना उठवा आणि या वेळी नीट विचारून सांगा, मीठ किती घालू?

कुणीच मध्ये बोललं नाही. काकू नाहीत, गुरुजी नाहीत. सगळे फोन धरून बसले असणार, जशी मी बसले होते. लिंबं धुतली, पुसली, फोडी केल्या. दुपारी भाऊंचं उत्तर आलं.

मीठ तुमच्या अंदाजानं घाला.

सुरुवातीचे नेहमीचे दोन शब्द तुटून वर राहिले असतील म्हणून मी पडदा वर सरकवून पाहिला. वर माझाच फोटो होता. मग मी हात धुतले आणि मिठाचा डबा खाली काढला.