फळ्यावरची सुंदर शाळा

दर शनिवारी मी महापालिकेच्या शाळेत सातवीच्या मुलांना लिहायला शिकवते, फुकट. आज त्यांच्या वर्गाच्या बाईंनी ‘माझी शाळा’ हा निबंध फळ्यावर आधीच लिहून ठेवला होता. इमारत सुंदर, बाग हिरवीगार. वर्ग तो मुकाट उतरवत होता. शबानाने मात्र लिहिलं होतं, संडासात पाणी नसतं म्हणून शाळा सुटेपर्यंत ती पाणीच पीत नाही.

“खोड ते. सोमवारी तपासणीला येणारे साहेब वह्या बघणार आहेत,” बाई म्हणाल्या.

मलाही शाळेत असंच खोडायला लावलं होतं. तो राग मी अजून जपलाय. आधी आम्हाला खोटं उतरवायला शिकवतात, मग म्हणतात, यांची कधी तक्रारच नव्हती.

“ताई, खोडू?” शबानाने हळूच विचारलं.

“नको. बाईंना मी बघून घेते. तू अक्षर मोठं काढ. साहेब चष्मा विसरून आले तरी त्यांना वाचता आलं पाहिजे.”