पेडगावची तार

जिंतूरच्या गाडीतून उतरलेल्या ओळखीच्या कंडक्टरने परभणीच्या स्टँडवरच सांगितलं, "तुमच्या कॉम्प्युटरवाल्या ताई गेल्या." हातात पत्रकांचा गठ्ठा होता. तो कुणाला न वाटता तसाच घेऊन उभा राहिलो… शकुंतलाताई आजारपणात भावाकडे जिंतूरला निघाली, तेव्हा क्लासची किल्ली माझ्या हातावर ठेवून म्हणाली होती, "पोरांना सुट्टी देऊ नको." त्याला आता काही आठवडे झाले. किल्ली माझ्याच खिशात आहे.

कॉम्प्युटर दिसतो कसा हे बघायलाच लोक जिना चढून यायचे, त्या दिवसांत ताईने सायकलच्या दुकानावरच्या खोलीत क्लास काढला. बौद्ध वस्तीतली बाई हे यंत्र शिकवणार म्हटल्यावर काही घरांनी पोरं पाठवली नाहीत. ती चिडली नाही. कॉलेजात असताना मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतरासाठी ती तुरुंगात जाऊन आली होती, असल्या गोष्टींचं तिला नवल उरलं नव्हतं. चिडायचं काम माझ्याकडे होतं. मग ती म्हणायची, "ओरडायचं ते पत्रकात ओरड. इथं नीट लिही. मशीनला आवाज ऐकू येत न्हाई."

त्या लढ्याच्या स्मरणसभेत तुरुंगात गेलेल्या प्रत्येकाचं नाव वाचायचं ठरलं. पेपरांनी पुढाऱ्यांची नावं छापली होती आणि बाकीच्यांना 'व इतर कार्यकर्ते' म्हणून मोकळे झाले होते. माणसं गाडायला खड्डा लागत नाही, एवढे तीन शब्द पुरतात! आम्ही विद्यार्थ्यांनी प्रोग्राम लिहिला. शब्दकोशात शब्द काढला की समोर अर्थ सापडतो, तसं गाव टाकलं की समोर नाव यावं. नावं भरून झाली त्याच दुपारी पेडगावची कोंडाबाई आली. तिचा नवरा किसन तुरुंगातून खोकला घेऊन परतला आणि त्यातच गेला. सभेत त्याचं नाव घेणार आहेत, एवढं ऐकून ती एसटीने आली होती. आम्ही पेडगाव टाकलं. पडद्यावर एकच नाव उमटलं, गावच्या पुढाऱ्याचं. मी ते वाचून दाखवलं.

"आन् आमचे मालक?" तिने विचारलं.

किसनचं नाव आम्ही भरलं होतं. पण गावासमोर जागा एकच, त्यामुळे पुढचं नाव टाकलं की मशीन आधीचं पुसत होतं. ताईने खुर्ची ओढून प्रोग्राम वाचला. "गावाला एकच माणूस? ही पाटीलकी हाय व्हय रे? पेपरवाल्याचंच काम तुमी करायलाय."

मग तिने खालच्या दुकानातून सायकलीच्या मोडक्या तारा मागवल्या. एका फळीवर खिळे ठोकले, प्रत्येक खिळ्याखाली गाव लिहिलं, तारा वाकवल्या आणि आम्हाला नावांच्या चिठ्ठ्या ओवायला सांगितल्या. एका मित्राने पेडगावच्या दुसऱ्या चिठ्ठीसाठी पहिली तार काढून नवी लटकवली. किसन चिठ्ठीसकट जमिनीवर. ताईने ती उचलली. "आधी बघ, गावाची तार हाय का. नसंल तर रिकामी लाव. असंल तर तिच्यातच ओव." कळलं ते एवढंच होतं, पण प्रोग्राममध्ये उतरवेपर्यंत संध्याकाळ झाली. गावासमोर आता नाव नव्हतं, नावांची यादी होती, आधी रिकामी आणि मग वाढत जाणारी. कोंडाबाई चहा पिऊन जिन्यात बसून होती. पुन्हा पेडगाव टाकलं. नावं एकाखाली एक उतरली, त्यात किसन होता. मी वाचलं, तिने ऐकलं, आणि विचारलं, "परत पुसंल का?"

"न्हाई माय," ताई म्हणाली. "आता कुणीबी आलं, तर खाली येऊन बसंल."

सभेत किसनचं नाव वाचलं गेलं. कोंडाबाई उभी राहून ऐकत होती. जिंतूरची, म्हणजे ताईच्या गावची, नावंही वाचली… ताई माझ्या शेजारीच बसली होती, आणि तिचं नाव त्यात नव्हतं. तिने सांगितलं नाही, आणि आम्हा कुणालाच सुचलं नाही.

काल रोजच्यापेक्षा लवकर क्लासवर गेलो. फळी भिंतीवर तशीच आहे, तारांना गंज चढलाय. एका चिठ्ठीवर तिचं नाव लिहिलं. जिंतूरची तार होतीच. चिठ्ठी तिच्यात ओवली, मग मशीन चालू करून यादीतही नाव टाकलं. जिंतूरची नावं पडद्यावर उतरली, सगळी, आणि शेवटी ताई येऊन बसली. जिन्यात पोरांच्या चपला वाजायला लागल्या. मी दार उघडलं.