राखणदाराकडून परत आलेल्या डब्या

आमची ही, म्हणजे माझी बायको सावित्री, घरोघरी आरोग्याचं काम करणारी आशाताई झाली तेव्हा मी एसटीत कंडक्टर होतो, मालवण-कोल्हापूर गाडीवर. फोंडाघाट चढता-उतरता अख्खी नोकरी गेली, पण माणसांना समजावणं म्हणजे काय असतं ते मला निवृत्त होऊन घरी बसल्यावर कळलं. गाडीत निदान 'पुढे सरका' म्हटलं की माणूस कुरकुरत का होईना सरकतो. सावित्री वाडीतल्या बायकांना इतकी वर्षं सांगतेय की मशेरी सोडा. एकही बाई तसूभर सरकलेली नाही.

मशेरी म्हणजे तव्यावर काळीभोर भाजून कुटलेली तंबाखू. सकाळी उठलं की मागीलदारी पायरीवर बसायचं, डबीतली चिमूट घ्यायची आणि बोटाने हिरड्यांवर घोळवत राहायचं. आमच्याकडच्या बाईला एक वेळ चहा नाही मिळाला तरी चालेल, पण हे हवंच. आणि तिलाच विचारा, तंबाखू खातेस का, तर नाक मुरडेल. तंबाखू पुरुष खातात, ती फक्त दात घासते. जेवल्यावर घासते, भांडण झालं की घासते, कोणी आलं की गप्पा मारता मारता घासते. एवढे दात घासून वाडीतल्या निम्म्या बायकांच्या तोंडात दात उरलेले नाहीत, पण हे बोलायची सोय नाही.

कॅन्सर कसा टाळावा हे सांगायला तालुक्याहून एक साहेब यायचे. पंचायतीच्या सभागृहात तक्ते लावायचे. एकदा, रोज अर्धा तास चाला, असं ते सांगत होते तेव्हा पुढच्या रांगेत कातळावरून लाकडाची मोळी डोक्यावर आणून नुकत्याच टेकलेल्या बायका होत्या. त्या एकमेकींना कोपरखळ्या मारून हसल्या. पुरुष दारात उभे राहून ऐकत होते आणि मधूनमधून मान वळवून दगडी गडग्यापलीकडे पिंक टाकत होते. मशेरीचं नाव साहेबांनी एकदाही घेतलं नाही, कारण ती त्यांच्या तक्त्यावर नव्हतीच. सावित्री घरी आली ती पिशवी खुर्चीवर आदळूनच. मी चेष्टेने म्हटलं, चल, आपणही अर्धा तास चालून येऊ. त्या दिवशी मला चहा मिळाला नाही.

मग तिने स्वतःची पद्धत काढली. घरोघरी जायचं, बाईला उजेडात बसवायचं, आ कर म्हणायचं आणि बॅटरी मारून आतून गाल, हिरड्या, जीभ बघायची. पांढरा किंवा लाल डाग दिसला तर तालुक्याच्या दवाखान्यात न्यायचं. झालं उलटंच. बॅटरी हातात घेऊन ही गडगा ओलांडून येताना दिसली की बायका तोंडं मिटून घ्यायला लागल्या. मला तर लाज वाटायची आणि रागही यायचा. स्वतःचं तोंड, स्वतःचा जीव, आणि लपवायचं कोणापासून, तर जी जीव वाचवायला आलीय तिच्यापासून.

शिमगा झाला आणि हिला तो डाग सापडला तो आमच्याच घरात. जानकी वहिनी, माझ्या थोरल्या भावाची बायको. भाऊ गेला, पण वहिनी घराच्या शेजारच्याच खणात राहते. माझी आई गेली तेव्हा मी शाळेत होतो, पुढे मला जेवू घातलं ते वहिनीने. तिच्या डाव्या गालाच्या आतून दुधावरच्या सायीसारखा पांढरा चट्टा होता. सावित्री म्हणाली, उद्याच्या उद्या दवाखान्यात जाऊ, हा वेळेवर दाखवला तर थोडक्यात निभावतं.

"दुखणा नाय, खुपणा नाय," वहिनी म्हणाली, "मगे दवाखानो कित्याक गो?"

तिथून पुढे रोजचा वाद. मशेरी तरी सोड, म्हणून हिने हात जोडले. वहिनी उत्तर द्यायची की राखणदाराला आपण विडी वाहतो, त्याला चालते तर आपल्याला डबी का चालू नये. वाडीच्या सीमेवर सातविणीच्या झाडाखाली राखणदाराचा, म्हणजे वाडी राखणाऱ्या देवाचा, दगड आहे. वर्षाला त्याला कोंबडा, नारळ आणि विडी द्यायची रीत आहे. आमचा माणूस एक वेळ कोर्टात खोटं बोलेल, राखणदारापुढे बोलणार नाही. वहिनीच्या त्या बोलण्यातूनच सावित्रीच्या डोक्यात आलं की मग डब्या त्यालाच देऊन टाकू. त्याच्यापुढे ठेवलेली वस्तू कोण परत घेणार?

वाडीचा मानकरी भाई, देवापुढे गाऱ्हाणं घालणं त्याच्याकडे. तो खुशीने तयार झाला, आणि राखणदाराचं नाव निघाल्यावर बायकांनाही नाही म्हणता येईना. ठरल्या दिवशी सगळ्या बायका डब्या घेऊन सातविणीखाली जमल्या आणि पहिली डबी ठेवली ती जानकी वहिनीने. भाईने तोंडातली तंबाखू थुंकून चूळ भरली, हात जोडले आणि सूर लावला.

"बा राखणदारा म्हाराजा, आज ह्यो तुझ्यो लेकी आपल्यो डबयो तुझ्या पायाकडे ठेवतत. तेंची सवय हयच रवांदे आणि तेंच्या तोंडाक काय एक होवक देव नको, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," सगळ्या एका आवाजात म्हणाल्या.

हिने फोटो काढून तालुक्याला पाठवला. तिकडून शाबासकी आली, हा उपक्रम इतर गावांनीही करावा म्हणून. त्या संध्याकाळी सावित्रीने घावणे केले आणि मला न मागता दोनदा वाढले. मलाही वाटलं, जिंकली एकदाची.

थोड्या दिवसांनी फणस फोडला होता, त्याचे गरे द्यायला मी वहिनीच्या मागीलदारी गेलो. वहिनी पायरीवर बसलेली, बोट काळं. मी बघतच राहिलो. डबी तीच होती, राखणदारापुढे ठेवलेली. हे काय, असं मी विचारलं, तर लपवणं नाही की ओशाळणं नाही.

"परसाद," ती म्हणाली.

आमच्याकडे राखणदारापुढे ठेवलेलं तिथेच टाकून येत नाहीत. नारळ फोडला की एक भकल त्याचं, दुसरं घरी आणायचं. कोंबडा तर तिथेच शिजवून सगळी वाडी जेवते. भाईने दुसऱ्या दिवशी तेच केलं होतं. प्रत्येक डबीतली चिमूट दगडावर ठेवली आणि बाकीचं जिचं तिला परत दिलं. यात काही चुकतंय असं भाईला वाटलं नाही, बायकांना वाटलं नाही, वाडीतल्या एकाही शहाण्याला वाटलं नाही.

"राखणदाराक दाखवलेली डबी आसा ही," वहिनी म्हणाली. "ह्येना काय्येक होवचा नाय. मी तर त्या डागारच लावतंय, सकाळ-संध्याकाळ."

माझ्या हातातले गरे मी पायरीवर ठेवले आणि घरी येऊन सावित्रीला सांगितलं. तिथे थांबलो असतो तर नको ते तोंडातून गेलं असतं.

सावित्री तशीच भाईच्या घरी गेली, मी मागोमाग. तुम्ही तुमच्या हाताने दिलंत, आता तुम्हीच परत घ्या, असं ती त्याला म्हणाली. भाई शांत होता. देवाला दाखवलेलं काय कुजवत ठेवायचं, असं त्याने विचारलं. दिलेला प्रसाद परत घ्यायची रीत नाही, आणि रीत त्याने मोडली तर उद्या वाडीत काही वाईट झालं की खापर त्याच्याच डोक्यावर फुटेल. एवढं सांगून त्याने तंबाखू-चुना मळायला घेतला. या माणसाशी भांडावं तरी कशावरून? तो खोटं बोलत नव्हता, फसवत नव्हता. त्याचाच तर मला जास्त संताप आला.

परतताना सावित्री वाटेत थांबली. "आधी ती नुसती डबी होती," ती म्हणाली. "मी तिका देवाची केलंय."

पावसाळाभर ती वहिनीच्या मागे लागली. नर्सबाईंना घेऊन आली, मी रिक्षा दारात आणून उभी केली. वहिनी आता आ सुद्धा करेना. प्रसाद लागू पडतोय, असं सांगायची. गणपतीत मात्र तिला सोलकढीचा घोट घेता येईना. काळ्या वाटाण्याची आमटी तिने पानात तशीच ठेवली. विसर्जन झाल्यावर तोंडाला पदर लावून ती आपण होऊन आमच्या दारात आली आणि खाली मान घालून उभी राहिली. सावित्रीने मला लगेच रिक्षा आणायला पाठवलं.

गोव्याच्या मोठ्या दवाखान्यात तपासणी झाली, मग ऑपरेशन. गाल आणि जबड्याचा तुकडा काढावा लागला. नुसता पांढरा डाग होता तेव्हा आणलं असतं तर एवढं कापावं लागलं नसतं, असं डॉक्टर म्हणाले. तो माणूस सहज बोलला. सावित्री मात्र बाहेरच्या बाकावर बसून रडली.

वहिनी घरी आल्यावर वाडी भेटायला लोटली. कोणी शहाळी आणली, कोणी केळी. बायका बसायच्या, चुकचुकायच्या, कोणाच्या नशिबात काय असेल सांगता येत नाही म्हणायच्या आणि जायच्या. मशेरीचं नाव कोणाच्या तोंडी नाही. शेवटी शेजारची किशोरी आली. बराच वेळ बसली, वहिनीच्या पाठीवरून हात फिरवला, डोळेही पुसले. मग उठता उठता फळीकडे बघून म्हणाली,

"वयनी, तुझी ती डबी आता पडानच आसा मा? परसादाची आसा. माका दी."

सावित्री ताडकन उठली. मी तिचा हात धरला, कारण त्या क्षणी ती किशोरीला काय म्हणाली असती देव जाणे. पण वहिनीच हळूहळू उठली. फळीवरची डबी काढली आणि मुठीत धरली. किशोरीने हात पुढे केला. वहिनीने दुसऱ्या हाताने तोंडावरचा पदर काढला, जो तिने गोव्याहून आल्यापासून माझ्यासमोरही काढला नव्हता.

"बॅटरी मार गो," ती सावित्रीला म्हणाली. शब्द धड उमटले नाहीत, पण आम्हा तिघांनाही कळले.

वहिनीने जेवढं उघडता येत होतं तेवढं तोंड उघडलं. सावित्रीने बॅटरी धरली. किशोरीने आत बघितलं आणि पुढे केलेला हात मागे घेतला.

किशोरी डबी न घेताच गेली. पण तिची स्वतःची डबी तिच्या मागीलदारी आहेच, हे आम्हाला ठाऊक आहे. सावित्रीने वहिनीला खाटेवर बसवलं, पदर सारखा करून दिला आणि बॅटरी घेऊन किशोरीच्या मागोमाग निघाली.