नुसता धवला

"भटजीबाई, उरका आता. साहेबांना गाडी गाठायची आहे."

शास्त्रीबुवा हे माझ्या आईला म्हणाले. आमच्याच अंगणात. सगळे फिदीफिदी हसले. सांगायला लाज वाटते, पण मीही हसलो.

आम्ही आगरी. कोपरच्या खाडीला लागून मिठागरं, तिथं आमचं गाव. आमच्यात लग्न धवलारीण लावते. मांडवात बसून ती धवले गाते, एकेका देवाला बोलावते. तिचं गाणं पुरं झालं की लग्न लागलं. माझी आई धवलारीण. आजूबाजूच्या गावांतले कितीतरी संसार तिने लावून दिलेले. मी मात्र मुंबईला कॉलेजात गेल्यापासून हे कुणाला सांगत नव्हतो. माझ्या लग्नाला कल्याणहून भट आणायचा, हे मी मनाशी ठरवूनच टाकलं होतं.

कॉलेजात एक गोरे प्रोफेसर, म्हणजे हेच साहेब, आशियातल्या लोकांच्या चालीरीती शिकवत. मी आगरी आहे हे त्यांना कळलं आणि माझं विद्यार्थीपण संपलं. भर वर्गात मला पुढे बोलावून त्यांनी माझ्या डोक्याला फीत लावली, आकडा वहीत टिपला. वर सांगितलं, तुझ्या लोकांचं लग्न दाखव, पुढच्या शिष्यवृत्तीसाठी शिफारस करतो. मी हुरळलो. हुरळली मेंढी लागली लांडग्याच्या पाठी, दुसरं काय!

पण पौषात लग्न कुठलं? कॉलेजात संस्कृत शिकवणाऱ्या शास्त्रीबुवांनी तोड काढली, लटकं लग्न मांडा. नवरी माझी नऊ वर्षांची बहीण. नवरा म्हणून शास्त्रीबुवांचा डोंबिवलीचा भाचा हौसेने पाटावर बसला. तो माझ्याच वर्गातला. आणि हळद कुणी कालवली? मी.

आई तोंड उघडेना. मी तिच्यावरच खेकसलो, नुसतं गाणं तर आहे, म्हणून टाक की.

ती हळूच म्हणाली, "नुसता कसा रं? धवला बोलला का लगीन लागला. मंग पोरीला कुनाचे घरा धाडू?"

शास्त्रीबुवांनी साहेबाला इंग्रजीत समजावलं. साहेब लिहीत होता. मला ते शब्द अजून जसेच्या तसे आठवतात. मराठीत सांगायचे तर असे: "या लोकांत लग्न असं नसतंच. बाई नुसती पुरुषाकडे राहते."

साहेबाने तेही लिहिलं.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. म्हणजे माझी आई कोण? मी कुणाचा? आमच्या गावच्या लोकांत तेवढं इंग्रजी फक्त मला कळत होतं. शास्त्रीबुवांना वाटलं, हा आता आपलाच झालाय.

मी भाच्यासमोर जाऊन उभा राहिलो. त्याला म्हणालो, "बसून राहा. आई धवला म्हणेल. मग माझी बहीण तुझी बायको. आजच घरी घेऊन जा."

शास्त्रीबुवांचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी भाच्याला दंडाला धरून पाटावरून ओढलं. अंगणाबाहेर जाईपर्यंत हात सोडला नाही. आमचं लग्न जर लग्नच नव्हतं, तर एवढी पळापळ कशाला? मी हेच ओरडून विचारलं. साहेबाने तेवढं मात्र वहीत घेतलं नाही.

शिफारस अर्थातच गेली. सुट्टी संपल्यावर साहेबाने बोलावून सांगितलं, धवला लिहून आण, अजून विचार करता येईल. मी म्हणालो, माझ्या आईच्या तोंडचा एक शब्द तुमच्या पुस्तकात जाणार नाही. डोकं मोजलंत तेवढं पुरे. कॉलेज मी सोडलं नाही. का सोडू? त्याच बाकावर बसतो, त्यांच्या तोंडासमोर.

आणि गावी येऊन आईचे पाय धरले. तिला सांगितलं, माझं लग्न तूच लावायचंस. कल्याणचा भट माझ्या मांडवात पाऊल टाकणार नाही. माझ्या नाही, माझ्या बहिणीच्याही नाही. त्याला लग्न म्हणायचं की नाही, हे यापुढे मी कुणालाही विचारणार नाही.